डिजिटल फोटोग्राफीची सुरुवात: आधी प्रकाश, मग कॅमेरा

फोटोग्राफी शिकायची हौस झाली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ आणि मग त्या शोधातच महिने निघून जातात. माझं ठाम मत आहे की हाताशी जो कॅमेरा आहे त्यावरच सुरुवात करावी. जुना डीएसएलआर चालेल, मिररलेस (आत आरसा नसलेला) चालेल, मॅन्युअल सेटिंग देणारा मोबाईलही चालेल. फोटो बनतो प्रकाश, अंतर आणि क्षण यांतून, आणि या तिन्ही गोष्टी कुठल्याही कॅमेऱ्यावर शिकता येतात.

मेगापिक्सेलची (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके) चिंता तर सोडूनच द्या. १९७५ साली कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता, आणि एक फोटो कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागायची. आजच्या साध्या कॅमेऱ्यातही २४ मेगापिक्सेल सहज मिळतात, म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. फोर-के स्क्रीन काठोकाठ भरायला जेमतेम ८ मेगापिक्सेल लागतात. तेव्हा तुमच्याकडे जे आहे ते शिकण्यासाठी भरपूर आहे.

खालच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने दिल्या आहेत. सगळ्यांमागे पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन फोटो काढायचे, शेजारी शेजारी ठेवून बघायचे आणि फरक कशामुळे पडला ते स्वतःला शब्दांत सांगायचं. सेटिंगचे तक्ते पाठ करण्यापेक्षा हे हळू वाटेल, पण असं शिकलेलं विसरत नाही.

पायरी १: कॅमेरा आपलासा करा

बॅटरी पूर्ण चार्ज करा. मेमरी कार्ड कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. त्याने कार्डवरची फाइलींची मांडणी त्या कॅमेऱ्याला हवी तशी होते. फॉरमॅट केल्यावर जुनं सगळं जातं, म्हणून आधी फोटो उतरवून घ्या. तारीख आणि वेळ बरोबर लावा, कारण पुढे हजारो फोटोंतून एखादा शोधताना तारीखच कामाला येते.

व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, बाजूला एक छोटी चकती असते, तिला डायॉप्टर म्हणतात. ती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील असं करा. कित्येक जण वर्षानुवर्षं धूसर व्ह्यूफाइंडरमधून बघत राहतात आणि लेन्स खराब आहे असं समजतात. एक महत्त्वाची सूचना इथेच देतो: डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे कधीही पाहू नका, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

फाइलच्या प्रकारात रॉ (कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची माहिती) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही एकत्र साठवण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. आत्ता जेपेग बघा, रॉ पडून राहू द्या. त्याचा उपयोग पुढे येईल.

आता पकड. डावा हात लेन्सखाली, तळवा वर. दोन्ही कोपरं अंगाला टेकलेली. पाय थोडे फाकून. शटरचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. बटण ठोकायचं नाही, अलगद दाबत न्यायचं. फोटो न काढता नुसतं अर्धं दाबून सोडण्याचा सराव थोडा वेळ करा.

पायरी २: प्रकाश बघायला शिका

हीच पायरी नवशिके सर्वात जास्त टाळतात आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वात मोलाची आहे. सगळं काही ऑटोवर ठेवा. खोलीतले दिवे बंद करा आणि दिवसा एका खिडकीजवळ कुणाला तरी बसवा. कुणी तयार नसेल तर पोत असलेली एखादी वस्तू घ्या, उदाहरणार्थ खरखरीत भांडं किंवा चुरगळलेलं कापड. आता वस्तू जागची हलवू नका, तुम्ही फिरा.

आधी खिडकीकडे पाठ करून फोटो काढा, म्हणजे प्रकाश वस्तूवर समोरून पडेल. सगळं स्पष्ट दिसेल, पण सपाट. मग अशा जागी या की प्रकाश एका बाजूने येतोय. लगेच सुरकुत्या, कडा, खड्डे उठून दिसतील, कारण प्रत्येक उंचवटा आपली छोटी सावली टाकतो. पोत दाखवायचा असेल तर प्रकाश बाजूने हवा, हे इथे डोळ्यांना पटतं. शेवटी वस्तू तुमच्या आणि खिडकीच्या मध्ये येईल असे उभे राहा. वस्तू काळी पडेल आणि तिच्या कडेने उजळ रेषा दिसेल. हाच प्रकाश केस, पानं, वाफ, धूर यांना जिवंत करतो.

मग एक पांढरा मोठा कागद सावलीच्या बाजूला धरा. सावली किती उजळते ते बघा. फोटो काढणाऱ्याला याहून साधं आणि उपयोगी साधन मिळणार नाही.

यानंतर खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा. सावल्यांच्या कडा विरघळतील. प्रकाश मऊ की कठोर हे त्याच्या तेजावर ठरत नाही. तो येतो ती जागा वस्तूच्या मानाने किती मोठी दिसते यावर ठरतं. सूर्य प्रचंड असला तरी आकाशात तो लहानशी चकती दिसतो, म्हणून त्याच्या सावल्या धारदार. ढग आले की सगळं आकाशच प्रकाशाचा स्रोत बनतं आणि सावल्या मऊ होतात. चेहऱ्याचे फोटो ढगाळ दिवशी किंवा उन्हापासून हटून सावलीत छान येतात ते याच कारणाने. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. तेव्हा माणसांचे फोटो घ्यायचेच असतील तर त्यांना छताच्या किंवा झाडाच्या सावलीच्या काठाशी आणा आणि तोंड उजेडाकडे करायला सांगा.

आपले डोळे एका बाबतीत आपल्याला फसवतात. रात्री दिव्याच्या उजेडात खोली आपल्याला पुरेशी उजळ वाटते, पण भर उन्हाच्या तुलनेत तिथला प्रकाश शेकडो पटींनी कमी असतो. डोळे जुळवून घेतात, सेन्सरला (कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या भागाला) तेवढं जमत नाही. घरातले रात्रीचे फोटो हललेले आणि दाणेदार का येतात याचं मूळ इथेच आहे, आणि पुढच्या तीन पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

पायरी ३: ॲपर्चर

त्याआधी एक शब्द पक्का करा: स्टॉप. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप घटला. ॲपर्चर, शटर आणि आयएसओ (पायरी ३, ४ आणि ५) तिन्हींची भाषा हीच आहे, म्हणूनच एकात घटवलेलं दुसऱ्यात भरून काढता येतं.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र. डोळ्यातली बाहुली उन्हात आकसते आणि अंधारात फाकते, तसंच. त्याचे आकडे नव्या माणसाला उलटे वाटतात, कारण आकडा मोठा तर छिद्र लहान. पण तो आकडा म्हणजे भागाकारातला भाजक आहे हे कळलं की गोंधळ संपतो. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे ५० भागिले २, अर्थात २५ मिमी रुंद छिद्र. एफ/१० म्हणजे ५ मिमी. पूर्ण स्टॉपची मालिका अशी: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. दर पुढच्या आकड्याला प्रकाश निम्मा.

डायल ए वर (कॅननच्या कॅमेऱ्यावर एव्ही) आणा आणि आयएसओ ऑटोवर ठेवा. इथे ॲपर्चर तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा. एक वस्तू साधारण मीटरभर अंतरावर ठेवा, मागची भिंत तिच्यापासून चांगली लांब हवी. लेन्सवर मिळेल तो सर्वात लहान आकडा लावून फोटो घ्या, मग ५.६, मग ११. मागचा भाग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाईल. जेवढा भाग स्पष्ट दिसतो त्या खोलीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात.

आता ॲपर्चरला हात न लावता वस्तूच्या जवळ जा. मागचा भाग पुन्हा धूसर होईल. मग झूम करून बघा, मग वस्तू भिंतीपासून आणखी दूर सरकवा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८–५५ मिमीच्या लेन्सवर ‘मागचं धूसर होत नाही’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ५५ मिमीवर या, वस्तूच्या शक्य तेवढं जवळ जा आणि पार्श्वभूमी दूरची निवडा; त्याच लेन्सवर होतं.

निसर्गदृश्यासाठी एफ/८ ते एफ/११ पुरतं. सगळंच स्पष्ट हवं म्हणून एफ/२२ लावू नका, कारण फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. आणि मोबाईलवाल्यांसाठी: बहुतेक मोबाईलमध्ये ॲपर्चर कायमचं ठरलेलं असतं. तिथली पोर्ट्रेट मोडची धूसरता मुख्यतः गणिताने तयार होते, म्हणून केसांच्या कडांशी ती कधीकधी चुकते. तुमच्यासाठी पुढची पायरी जास्त कामाची.

पायरी ४: शटर स्पीड

सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते शटर स्पीड ठरवतं. १/१२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. डायल एस वर (कॅननवर टीव्ही) घ्या आणि नळाची धार हा विषय घ्या. १/१००० ला थेंब हवेत थिजलेले दिसतील, १/१५ ला धार रेशमी पट्ट्यासारखी होईल. पाणी तेच, नळ तोच. वेळ किती घेतला एवढाच फरक.

फोटो अस्पष्ट आला तर आधी कारण ओळखा, कारण उपाय कारणाप्रमाणे वेगळा. फोटो मोठा करून बघा. सगळंच, अगदी भिंतीसुद्धा, एकाच दिशेने घासल्यासारखं दिसत असेल तर तुमचा हात हलला. भिंत स्पष्ट आणि माणूस घासल्यासारखा असेल तर माणूस हलला. आणि माणूस घासल्यासारखा न दिसता नुसता धूसर, पण त्याच्या मागचं झाड मात्र धारदार असेल तर फोकस चुकीच्या जागी गेला. फुकट जाणाऱ्या फोटोंपैकी बहुतेक या तीन प्रकारांत बसतात, आणि हे निदान जमू लागलं की प्रगती झपाट्याने होते.

हात हलण्यासाठी जुना नियम आहे: शटर स्पीड निदान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीमधला आकडा) इतका तरी हवा. ५० मिमीला १/५०, २०० मिमीला १/२००. सेन्सर ३६ गुणिले २४ मिमीच्या फुल फ्रेमपेक्षा लहान असेल तर आणखी जलद लागतो. एपीएस-सी नावाच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फोकल लेंथला दीडने गुणा, म्हणजे ५० मिमीला साधारण १/८०. स्टॅबिलायझेशन असेल तर याहून सावकाश शटरवरही हात निभावतो, पण समोरचं मूल पळत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं.

समोरचा विषय हलता असेल तर सुरुवातीला हे आकडे धरून चला: चालणाऱ्या माणसासाठी १/२५०, खेळणाऱ्या मुलांसाठी १/५००, उडत्या पक्ष्यासाठी १/१००० किंवा १/२०००. उलटा प्रयोगही जरूर करा. १/३० लावा आणि जाणाऱ्या सायकलीसोबत कॅमेरा त्याच वेगाने फिरवत बटण दाबा. सायकलस्वार बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचं सगळं रेषारेषांचं येईल. पुष्कळ फोटो वाया जातील, पण जो जमेल तो बघून आनंद होईल.

पायरी ५: आयएसओ

याबद्दल थोडक्यात. आयएसओ वाढवला की त्याच प्रकाशात फोटो उजळ येतो. १०० चे २०० केले की एक स्टॉप. पण सेन्सरपर्यंत पोहोचलेला प्रकाश त्याने वाढत नाही, म्हणून कमी प्रकाशात फोटोत दाणे आणि रंगीत ठिपके दिसतात. त्याला नॉईज म्हणतात. उजेड भरपूर असताना आयएसओ सर्वात खाली ठेवा. उजेड कमी असेल तर वाढवायला बिलकुल कचरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवता येतो, हललेला फोटो सहसा नीट दुरुस्त होत नाही. ऑटो आयएसओमध्ये कमाल मर्यादा आणि किमान शटर स्पीड ठरवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा.

आता तिन्ही एकत्र करून बघा. निरभ्र आकाश, लख्ख ऊन, आयएसओ १००: एफ/१६ ला १/१२५ ने फोटो ठीक येतो. फिल्मच्या काळापासून चालत आलेला हा नियम आहे. छिद्र दोन स्टॉप उघडून एफ/८ केलं तर शटर दोन स्टॉप जलद हवं, म्हणजे १/५००. एफ/४ ला १/२०००. उजळपणा तिन्ही फोटोंत सारखा, पण पहिल्यात स्पष्ट भागाची खोली जास्त आणि शेवटच्यात हालचाल गोठलेली. एक्स्पोजर म्हणजे या जोड्यांतून आपल्याला हवी ती निवडणं. एम (मॅन्युअल) मोडवर एखाद्या उन्हाच्या सकाळी हे तिन्ही फोटो स्वतः काढून बघा, मगच पुढे जा.

पायरी ६: कॅमेऱ्याचा अंदाज सुधारा

एक पांढरा कागद आणि एक काळं कापड घ्या. ए मोडवर आधी कागद चौकट भरून घ्या, मग कापड. दोन्ही फोटो जवळजवळ सारखेच करडे येतील. पांढरा मळलेला, काळा फिकट.

कारण कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेची असावी असं तो धरून चालतो. सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी छटा हा त्याचा रूढ आधार. नव्या कॅमेऱ्यांतले मीटर चेहरे, आकाश वगैरे ओळखून पुष्कळ सावरून घेतात, पण मूळ स्वभाव हाच. म्हणून बर्फ, वाळू, पांढरे कपडे, धुकं हे अंधारे येतात, आणि काळं जनावर किंवा गडद रंगमंच नको तितका उजळतो.

यावरचा उपाय म्हणजे अधिक-वजा चिन्हाचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. दृश्य बहुतांशी पांढरं असेल तर अधिक १ पासून सुरू करून गरजेप्रमाणे २ पर्यंत जा. बहुतांशी काळं असेल तर वजा १. मोबाईलवर विषयावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो, मग बोट वर-खाली सरकवून तेच काम करता येतं. संपूर्ण मॅन्युअल मोड शिकण्याआधी हे एक बटण शिका. रोजच्या वापरात त्याचा उपयोग मला कुठल्याही दुसऱ्या बटणापेक्षा जास्त वाटतो.

फोटो नीट उजळला की नाही हे मागच्या स्क्रीनवर ठरवू नका. उन्हात ती अंधारी दिसते, रात्री झगझगीत. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या छटांचा आलेख, बघा. डावं टोक काळं, उजवं टोक पांढरं आणि मधे सगळ्या छटा. आलेखाचा अमुकच आकार चांगला असं काही नसतं. काळ्या मांजराचा आलेख डावीकडेच झुकलेला असणार. बघायचं ते इतकंच, की उजव्या भिंतीला आलेख चिकटून कापला गेलेला नाही ना. सेन्सरचा एखादा ठिपका प्रकाशाने पूर्ण भरला की त्यापलीकडची माहिती नोंदलीच जात नाही, आणि नंतर ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. गडद भाग मात्र नंतर बऱ्यापैकी उजळता येतो. म्हणून शंका असेल तेव्हा ढग, पांढरे कपडे, कपाळावरची चमक हे आधी वाचवा. दिवा, सूर्य, पाण्यावरची लकाकी यांत तपशील नसला तरी काही बिघडत नाही.

पायरी ७: फोकस तुम्ही ठरवा

कॅमेऱ्याला सगळी मोकळीक दिली तर तो बहुधा सर्वात जवळची वस्तू किंवा सापडलेला चेहरा पकडतो. एकच फोकस बिंदू निवडण्याचा पर्याय लावा आणि तो स्वतः हलवायला शिका. माणूस किंवा प्राणी असेल तर जवळचा डोळा स्पष्ट हवा. डोळा धारदार असेल तर कान धूसर झालेला कुणाला खटकत नाही. कॅमेऱ्यात डोळे शोधण्याची सोय असेल तर ती खुशाल वापरा, फार चांगलं काम करते.

स्थिर विषयाला एएफ-एस (कॅननवर वन शॉट), हलत्या विषयाला एएफ-सी (कॅननवर सर्व्हो). दुसऱ्या प्रकारात बटण अर्धं दाबून ठेवलं असेपर्यंत कॅमेरा फोकस सारखा जुळवत राहतो.

पायरी ८: रंगाचा कल

प्रकाशाच्या रंगाचा कल केल्विनमध्ये मोजतात. मेणबत्तीचा प्रकाश साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २८०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाचा ५५०० आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीचा ७००० च्या वर. आकडा कमी तर रंग तांबूस, जास्त तर निळसर. हा कल सावरणारी सेटिंग म्हणजे व्हाईट बॅलन्स; तो ऑटोवर ठेवला तरी बहुतेक वेळा भागतं. अपवाद सूर्यास्ताचा: कॅमेरा तिथला तांबूसपणा ‘दुरुस्त’ करायला जातो. तेव्हा उन्हाचं चिन्ह निवडा. रॉ फाइल असेल तर व्हाईट बॅलन्स नंतरही बिनधास्त बदलता येतो.

पायरी ९: चौकट

रचनेचे नियम शिकवताना सगळे तृतीयांशाच्या नियमापासून सुरुवात करतात: चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करून विषय रेषांच्या छेदावर ठेवा. नियम वाईट नाही, पण मी पार्श्वभूमीपासून सुरुवात करायला सांगेन. डोक्यातून उगवलेला खांब, मागून डोकावणारा झगझगीत फलक, कोपऱ्यातली पिशवी; छेदबिंदू साधूनही फोटो बिघडतो तो यांनी. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा. काही खटकलं तर एक पाऊल बाजूला व्हा किंवा गुडघे वाकवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

दुसरी गोष्ट अंतराची. झूम फिरवून जवळ येणं आणि पायांनी जवळ जाणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. एकाच माणसाचा चेहरा आधी अगदी जवळून रुंद लेन्सने घ्या, मग दोन मीटरवरून झूम करून तेवढाच मोठा घ्या. पहिल्यात नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले, दुसऱ्यात चेहरा ओळखीचा. हा फरक लेन्समुळे पडतो असं सगळे समजतात. खरं तर तो अंतरामुळे पडतो, लेन्स फक्त चौकट किती मोठी ते ठरवते. म्हणून आधी उभं राहण्याची जागा ठरवा, झूम नंतर. फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतांश काम एकट्या ५० मिमीच्या लेन्सवर केलं. तुम्हीही आठवडाभर झूम एकाच आकड्यावर ठेवून बघा. कुठे उभं राहायचं हे पाय आपोआप शिकतात.

फोटोतला विषय एका वाक्यात सांगता येतो का, हेही तपासा. ‘बाजार’ हा विषय फार मोठा आहे. ‘तराजूवर टेकलेला हात’ हा विषय झाला. मुलांचे आणि प्राण्यांचे फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून घ्या. आणि अनोळखी माणसाचा जवळून फोटो घ्यायचा असेल तर आधी विचारा. नको म्हटलं तर कॅमेरा खाली करा. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय नाहीच.

पायरी १०: निवड आणि एडिटिंग

घरी आल्यावर दोन चाळण्या लावा. पहिलीत हललेले, फोकस चुकलेले, डोळे मिटलेले काढा. दुसरीत एकसारख्या फोटोंतून एकच ठेवा. ही दुसरी चाळणी अवघड जाते, पण नजर तयार होते ती तिथेच, कारण ‘हा का आणि तो का नाही’ याचं उत्तर द्यावं लागतं. शक्य असेल तर निवड दुसऱ्या दिवशी करा. फोटो काढतानाचा उत्साह ओसरला की फोटो जसा आहे तसा दिसतो.

आता त्या रॉ फाइली उघडा. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या या मांडणीत निम्मे ठिपके हिरवे असतात. रॉमध्ये ही मोजमापं तशीच राहतात, १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याला १६,३८४ पायऱ्यांपर्यंत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. म्हणूनच जेपेगचा अंधारा भाग उजळायला गेलं की आकाशात पट्टे पडतात, रॉ तो ताण सोसते.

डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन सॉफ्टवेअर मोफत आहेत. कुठलंही घ्या, क्रम असा ठेवा: क्षितिज सरळ करणं, क्रॉप, एकूण उजेड, उजळ आणि गडद भाग, व्हाईट बॅलन्स, सर्वात शेवटी रंग. रंगांचा स्लायडर लावल्यावर तो अर्ध्यावर परत आणा, सुरुवातीला सगळ्यांकडून तो जास्तच सरकतो. तोच फोटो जेपेगवरूनही सुधारून बघा म्हणजे दोन्हींतला फरक कळेल.

पायरी ११: फोटो आणि कॅमेरा सांभाळा

फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच, म्हणून दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच मायक्रोफायबरचं कापड लावा. धुळीवर कापड घासलं तर चरे पडतात. शर्टाच्या टोकाने पुसू नका. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढणं खर्चिक असतं, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात कॅमेरा ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरत राहा. चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन्‌महिने ठेवणं सर्वात वाईट.

पायरी १२: पुढची खरेदी केव्हा

जेव्हा तुम्ही नेमकं सांगू शकाल की ‘मला अमुक फोटो हवा आहे आणि माझ्या साधनाने तो येत नाही’, तेव्हा. संध्याकाळी घरातल्या माणसांचे फोटो दाणेदार येत असतील तर ५० मिमी एफ/१.८ सारखी लेन्स घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या एफ/५.६ पेक्षा तिच्यात तीन स्टॉपहून जास्त, म्हणजे जवळजवळ दसपट प्रकाश येतो, आणि प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये ती बहुधा असतेच. एपीएस-सी कॅमेऱ्यावर फोटो घ्यायला घरातली खोली लहान पडत असेल तर ३५ मिमी बरी. पक्षी लांब राहत असतील तर लांब पल्ल्याची लेन्स. कॅमेरा बदलण्याची गरज या सगळ्यांनंतर येते.

तारे, रात्रीची रोषणाई, सावकाश वाहणारं पाणी यांची ओढ असेल तर ट्रायपॉड घ्या. कॅमेरा आणि सर्वात जड लेन्स मिळून जेवढं वजन होतं त्याच्या निदान दुप्पट वजन पेलणारा हवा. मधला दांडा शक्यतो वर काढू नका, त्याने डगमग वाढते. कॅमेरा त्यावर चढवला की २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा हिसकाही फोटोत येणार नाही. स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद करायचं की नाही हे लेन्सगणिक बदलतं, ते तुमच्या लेन्सच्या पुस्तिकेत पाहा.